उंबऱ्याची वकिलीण

कळंबच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तीस-पस्तीस घरांची एक वाडी होती. आगगाडी घाट चढायला लागून वीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या वाडीत बायजाला कुणी नामाची बायको म्हणत नसे, की हिरूची आई म्हणत नसे. तिचं नाव पडलं होतं उंबऱ्याची वकिलीण. कर्जतच्या कचेरीत पागोटं सावरत भांडणारे वकील वाडीतल्या चार-दोन माणसांनीच पाहिले होते, पण वकील म्हणजे ज्याची बाजू कुणी घेत नाही त्याची बाजू मांडणारा माणूस, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बायजाने बाजू घेतली ती लाकडाच्या उंबऱ्याची. लोक हसणार नाहीत तर काय करणार? बायजाने त्यांना हसू दिलं. त्या हसणाऱ्यांतल्या कितीतरी घरांतली पोरं पुढे तिच्यामुळे पोटावर डाग न घेता वाढली. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

त्या भागातल्या घरांचे उंबरे उंच. नुकतं चालायला लागलेलं पोर त्यांना अडखळणार हे ठरलेलंच. पोर पडलं, त्याने भोकाड पसरलं, की घरातलं मोठं माणूस धावत येई, पोराला उचलून घेई आणि उंबऱ्याला दोन सणसणीत फटके देई. “हात् मेल्या, माझ्या बायला पाडतोस काय?” मग पोराचा हात धरून त्याच्याकडूनही एक फटका मारून घेई. पोर रडता रडता हसे, मोठी माणसं त्याचं कौतुक करत, आणि सगळे आपापल्या कामाला लागत. सकाळी ज्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायचं, त्यालाच दुपारी लाथ घालायची, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बायजालाही वाटत नव्हतं. हिरूची पहिली चार वर्षं तीही हेच करत आली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती काही जन्मतः शहाणी नव्हती.

दुसरी रीत डागाची. पोर फार रडतं, पोट फुगतं, डोळे फिरवतं, हट्ट सोडत नाही, चावायला लागलंय, असं काहीही झालं की उपाय एकच. हळकुंड तेलात बुडवून दिव्यावर पेटवायचं आणि त्याचं लालभडक टोक पोराच्या बेंबीभोवती टेकवायचं. कुणाला दोन, कुणाला चार. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. आई पाय धरायची, आजी हात धरायची, आणि दोघी रडायच्या. मग पोराच्या हातावर गूळ ठेवायच्या.

बायजाच्या पोटावर चार होते. तिचं माहेर खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. ती चार वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. वर्षाच्या आत बापाने चिमा नावाची दुसरी बायको केली. चिमा वाईट नव्हती. घर आवरताना तिला बायजाच्या अंथरुणात एक विटलेला लुगड्याचा तुकडा सापडला, आणि तिने तो फडक्याला घेतला. बायजा तिच्या मनगटाला चावली आणि तिने दात सोडलेच नाहीत. दोघांनी ओढून काढली तिला. पोर अंगात आल्यासारखं करतं म्हणून डाग दिले. त्यानंतर ती कधीही चावली नाही. सगळ्यांनी म्हटलं, पोर सुधारली. ती सुधारली म्हणजे काय झाली, हे फक्त तिला ठाऊक होतं आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नात हळद लागताना नवरी ओकली, तेव्हा बायकांना वाटलं, उपाशी असेल. अकरा वर्षांची नवरी, तिला कोण विचारतो.

अठराव्या वर्षी तिला हिरू झाली. सासू अंबाबाई नातीवर जीव टाकायची. हिरूच्या चालण्यापासून बोलण्यापर्यंत सगळं तिच्या मांडीवर झालं. नातीला साधी टपली मारलेलीही तिला खपत नसे. उंबऱ्याला मारायला मात्र तिच्याइतक्या हौसेने कुणी शिकवलं नसेल. हिरू तीन वर्षांची झाली आणि त्या मांडीवर दुसरं कुणी आलं. धाकटी जाऊ जिजा हिला मुलगा झाला. त्याचं नाव मेलेल्या आजोबांचं, आबाजी. नवरा नि सासरा म्हणून घरातल्या तिन्ही बायकांना ते नाव घेता येत नव्हतं, तेव्हा अंबाबाई त्याला धनी म्हणू लागली. धनी उठले, धनी निजले, धनी दुधाला मागतात. हिरू आजीच्या मांडीशी गेली की आजी म्हणे, सरक बाय, धनी निजलेत. यात तिला लागेल असं काही आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायजाच्याही नाही.

माघातली दुपार होती. भात झोडून झालं होतं. जिजा कांडत होती, बायजा पाखडत होती, अंबाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. दहा महिन्यांचा धनी रांगत रांगत उंबऱ्यावर आला आणि तिथेच पालथा पडून उंबऱ्याचं लाकूड चाटू लागला. तेवढ्यात हिरू अंगणातून धावत आली, त्याच्या पाठीला अडखळली आणि घरात हनुवटीवर आपटली. तिचा ओठ फुटला. अंबाबाई “अगं, धनी चिरडला,” करत उठायला लागली, पण तिचे गुडघे दुखरे, तिला वेळ लागला. हिरू पडल्या पडल्या आजीकडे बघत राहिली. कुणी तिला उचललं नाही. कुणी कशाला मारलं नाही. मग ती आपणच उठली, चुलीजवळचा लाकडी पळा उचलला, उंबऱ्याशी परत आली आणि धन्याच्या कपाळावर दोनदा मारला.

“हात् मेल्या,” ती म्हणाली. आणि आजीकडे बघून हसली.

रक्त आलं. जिजाने किंकाळी फोडली. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या, हळद दाबली, पोर काळंनिळं पडून पुन्हा रडू लागलं. जखम बोटाच्या पेराएवढी होती, ती पुढे भरून आली. पण सगळ्यांच्या मनात राहिलं ते हिरूचं हसणं. मारते ती मारते, वर हसते. अंबाबाईला नातीची भीती वाटली. जिला मांडीवर वाढवलं तिचीच भीती वाटली म्हणून तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिने ठरवलं. आज गुरुवार. रविवारी डाग द्यायला चंद्राबाईला बोलवायचं.

ते हसू बायजाने सुपावरून मान वर करून पाहिलं होतं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. हिरू पहिल्यांदा आपल्या हाताने पाणी आणायला शिकली, तेव्हा असंच हसली होती. शिकवलेलं काम नीट केलं, आता शाबासकी द्या, असं ते हसणं. एवढं बायजाला कळलं, आणि तिने हातातलं सूप खाली ठेवलं. पोर उंबऱ्यावर पडली. उंबऱ्यावर जे होतं त्याला तिने मारलं. चार वर्षं तिला दुसरं काय शिकवलं होतं?

त्या दिवशी तिन्हीसांजेला तिने नामाला सांगून पाहिलं. नामा भला माणूस, बायकोचं ऐकून घेणारा, पण आईपुढे बोलणारा नव्हे. तो म्हणाला, डाग सगळ्यांनाच देतात, मलाही तीन आहेत, मेलो काय मी? बायजाने विचारलं, तुम्हाला ते कशासाठी दिले होते? नामाने खूप आठवून पाहिलं. त्याला हळकुंडाचा वास आठवत होता, आईने धरलेले पाय आठवत होते. कशासाठी ते काही आठवेना.

“मंग त्यातनं शिकलात काय?” बायजा म्हणाली.

नामा उठून गोठ्याकडे गेला.

दोन दिवस हातात होते. शुक्रवारी सगळं घर राबासाठी पाला-टहाळ्या गोळा करायला डोंगराच्या कडेला गेलं. पावसाआधी रोपांची जागा भाजायला तो पाला लागतो, आणि तो आता नाही तोडला तर नंतर मिळत नाही. बायजाने हिरूला बरोबर घेतलं. अंबाबाई आणि जिजा तिला घरात ठेवायला तयार नव्हत्याच. कामाला वाकताना बायजाचा एक डोळा पोरीवर होता, आणि तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं ते तिला त्या दिवशी दिसलं. हिरू मारायच्या आधी श्वास धरते. तिचा अंगठा मुठीच्या आत जातो.

दुपारी शेजारच्या पोराने हिरूच्या मागून येऊन मोठ्याने भों केलं. अंगठा आत गेला. बायजा धावली, मूठ धरली आणि विचारलं, राग आला का गं? हिरूने मोकळ्या हाताने आईच्याच तोंडावर मारलं. बायजाने तिला एक ठेवून दिली. घरातल्या माणसाने हिरूला मारलं ते हे पहिल्यांदाच, आणि तेही तिच्या आईने. हिरू रडलीसुद्धा नाही. ती पाल्याच्या भाऱ्यामागे जाऊन बसली आणि एका दगडाला मारत राहिली.

बायजा विळा टाकून बसून राहिली. स्वतःचा तिला राग आला. मी पण त्यांच्यातलीच, असं तिला वाटलं. मग तिला चिमाचं मनगट आठवलं. त्या दिवशी आपल्याला राग आला होता का? सगळे म्हणाले, रागीट पोर. तीही इतकी वर्षं तेच धरून चालली होती. आता तिथे त्या उन्हात बसून तिने पहिल्यांदा नीट आठवून पाहिलं. राग नव्हता. भीती होती. तो तुकडा गेला तर आईचा वास जाईल, आणि आई खरंच गेली असं होईल. भीतीने तिचे दात मिटले होते. आणि ही भीती आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगतील कुठून? त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

ती भाऱ्यामागे गेली. हिरूची मूठ तिने ओढली नाही, नुसती आपल्या ओंजळीत धरली.

“भ्यालीस का गं?”

हिरूचा अंगठा मुठीतून बाहेर आला.

“मी बी भ्याले,” बायजा म्हणाली. “तू धन्याला मारलंस तवा. आन मगाशी तुला मारलं ते चुकलं माझं.”

हिरू रडली ती तेव्हा. चांगली अर्धी घटका रडली. शेवटी हुंदके देत म्हणाली की आजीची मांडी तिची होती, ती धन्याने घेतली. त्या दिवशी पडल्यावर तिला वाटलं होतं, आजी आता धन्याला मारेल. आजी मारेना, म्हणून तिने मारलं. हे सगळं एवढ्याशा पोरीने तुटक तुटक सांगितलं आणि बायजाने कान देऊन ऐकलं. तिथेच तिचं ठरलं. डाग द्यायचा नाही. मग सासू रुसो की घर मोडो.

रविवारी उजाडताच तिने सडा घातला, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि हिरूला मांडीवर घेऊन त्याच उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बाईने बसू नये, हे त्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. अंबाबाईने तिला पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. ऊठ म्हणाली. बायजा म्हणाली, आज उठायची नाय.

चंद्राबाई आली. सुरकुतलेली, मऊ बोलणारी म्हातारी. हात हलका म्हणून चार गावांत नावाजलेली. दोन शेर तांदूळ आणि नारळ याखेरीज तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. तिच्यामागून आठ-दहा बायका आल्या, कारण असल्या वेळी धीर द्यायला यायचं असतं. अंबाबाईने पडवीत दिवा लावला. चंद्राबाईने कमरेची पुरचुंडी सोडून हळकुंड काढलं, तेलात बुडवलं आणि वातीवर धरलं. वास सुटला. बायजाने हिरूला जवळ ओढलं. नामा खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता.

“आत्याबाय,” बायजा म्हणाली, “पोरीला मारायला कुणी शिकवलं?”

अंबाबाई म्हणाली, या घरात कुणी कुणाला मारत नाही. उभ्या जन्मात तिने नातीवर हात उगारला नव्हता. आणि ते खरंच होतं.

“उंबऱ्याला कोण मारतं मंग? मी मारलं. तुमी मारलं. जिजानं मारलं. पायात जे आलं त्याला मारायचं आन मंग हसायचं, ह्ये आपणच शिकवलं. त्या दिशी उंबऱ्यावर धनी हुता. डागायचंच तर ज्या ज्या हातानं उंबऱ्याला मारलं त्यो हात डागा. ह्यो माझा पयला. मंग तुमचा आणा.”

तिने खरंच हात पुढे केला, तळवा वर करून. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उंबऱ्याला न मारलेला हात त्यांच्यात एकही नव्हता. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि चंद्राबाई मानेला झटका देऊन म्हणाली, “उंबऱ्याची वकिलीण झालीस व्हय?” झालं. नाव पडलं ते तिथे. सगळ्या हसल्या, अंबाबाईही डोळे पुसत हसली, आणि हसण्यात बायजाचं म्हणणं वाहून जातंय असं दिसू लागलं. हळकुंड लाल झालं होतं.

चंद्राबाईने समजुतीने विचारलं, बरं बाय, डाग नाही दिला तर पोर पुन्हा मारणार नाही, असा शब्द देतेस का? एखादी शहाणी बाई तिथे हो म्हणून मोकळी झाली असती.

“नाय देत,” बायजा म्हणाली. “मारंल ती. चार वर्सं शिकवलंय, चार दिसांत कशी इसरंल? मी तिच्या मागं राहीन, तिचा हात धरीन, तरीबी एखाद्या येळंला मारंल. पर डागलीत तर ती थांबणार नाय. लपून मारंल.”

“तुला काय ठावं?” हे जिजाने विचारलं. ती आतल्या दाराशी उभी होती, खांद्यावर मूल, मुलाच्या कपाळावर फडकं. ज्याला लागलं होतं त्याची आई ती. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

बायजाने हिरूला खाली ठेवलं, उभी राहिली आणि लुगड्याची कमरेची पट्टी दोन बोटं खाली सरकवली. नामाने तोंड फिरवलं. बेंबीभोवतीचे चार डाग सगळ्यांनी पाहिले. त्यात नवल काय? जमलेल्या निम्म्या बायकांच्या पोटावर तसेच होते.

“ह्ये चावले म्हणून दिले,” बायजा म्हणाली. “मंग मी कधी चावले नाय. सावत्र आय म्हणायची, माझी बायजा गाय हाय. तिचा ल्योक, माझा भाऊ विठू, दिवाळीला येतो, तुमी त्याला जेवाय वाढता. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली हाय. ल्हानपनी बाळी अडकली म्हणतात. बाळी अडकली नव्हती जिजा. मी वढली. सा म्हयन्यांचा हुता त्यो. घरात कुणी नव्हतं. त्याच्या आदी बी चिमटे काढायची, लंगोटाच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. मला कुणी कधी इचारलंबी नाय, कारण मी सुधारले व्हते.”

बायजाने लुगडं सारखं केलं आणि जिजाकडे पाहिलं.

“तुझ्या पोराला कोण पायजे, सांग. तुझ्या डोळ्यापुढं मारणारी, का तू पाठ फिरवलीस की मारणारी?”

जिजाने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात दया नव्हती. घृणा होती, आणि बायजाने ती तोंड न वळवता सोसली. मग जिजा पडवीत आली, मूल खांद्यावर तसंच ठेवून वाकली आणि दिवा फुंकला. फुंकरीने दिवा विझवू नये, तो मालवावा, हे तिलाही ठाऊक होतं.

“काकी, तांदूळ घेऊन जावा,” ती म्हणाली. “डाग नको.”

चंद्राबाईने तांदूळ घेतले नाहीत. काम न करता मी काही घेत नाही, म्हणाली, आणि धुमसतं हळकुंड अंगणातल्या मातीत दाबून निघून गेली. अंबाबाईने त्या दिवसापासून बायजाच्या हातचं पाणी घेणं सोडलं. सासूच्या हाताला डाग द्या म्हणणारी सून तिने पाहिली नव्हती, आणि ते चारचौघींत म्हणाली, हे तर तिला सोसणं शक्यच नव्हतं. दिवाळीला विठू आला तेव्हा बायजाने त्याला आपल्या तोंडाने सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. तो कान चाचपत बसला. बराच वेळ जेवला नाही. मग जेवला, आणि जाताना नेहमीसारखा पाया पडला.

हिरूने पुन्हा मारलं का? मारलं तर. होळीच्या आत तीनदा, पैकी एकदा धन्यालाच. दर वेळी वाडी म्हणाली, बघा. दर वेळी बायजा हातातलं काम टाकून पोरीजवळ बसली, मूठ ओंजळीत घेतली आणि विचारत राहिली. दुखलं का? भ्यालीस का? तुला बी पायजे का? कधी तिचा अंदाज चुके, मग हिरू मानेने नाही म्हणे आणि बायजा दुसरं विचारी. घरात उंबऱ्याला मारणं बंद झालं. जिजानेही बंद केलं, कुणी न सांगता. पावसाळा आला तोवर हिरू मूठ घेऊन स्वतःच आईकडे यायला लागली होती. बघ, अंगठा आत गेला, म्हणायची.

श्रावणात एका सकाळी अंबाबाई उंबऱ्यावर पाय घसरून पडली. दुखऱ्याच गुडघ्यावर पडली. बायजा आणि जिजा आत होत्या, दोघी धावल्या, पण हिरू आधी पोहोचली होती. म्हातारीने वेदनेच्या भरात सवयीने उंबऱ्यावर हात उगारला होता. हिरूने तो वरच्या वर धरला. चार वर्षांच्या, आता पाचाला आलेल्या दोन हातांत तो मावत नव्हता.

“भ्यालीस का गं आजी?”

अंबाबाईने नातीकडे पाहिलं. साठी ओलांडलेली बाई. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं, सात लेकरं झाली, त्यातली दोन जगली, नवरा सर्प डसून गेला. तिला पुष्कळांनी पुष्कळ काही विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

“भ्याले गं बाय,” ती म्हणाली, आणि उंबऱ्यात बसूनच लहान पोरासारखी रडली. बायजा पुढे झाली नाही. तिने जिजालाही मागे धरलं. म्हातारीचं रडणं होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या, मग दोघींनी मिळून तिला उचललं. त्या दुपारी अंबाबाईने बायजाकडे पाणी मागितलं.

पुढच्या माघात वाडीच्या खालच्या आळीत द्वारकेचा तीन वर्षांचा मुलगा माणसं ओरबाडू लागला. रविवारी सकाळी त्या घरातून हळकुंडाचा वास आला. बायजा शेण सारवत होती, ती तशीच भरल्या हातांनी निघाली. बोलावलं नव्हतं. त्या घरच्या पुरुषाने तिला अंगणातच अडवलं, वकिलीण आली म्हणून हसला, मग हसणं सोडून परत जा म्हणाला. ती त्याला वळसा घालून गेली आणि उंबऱ्यावर बसली. आत मूल ओरडत होतं. चंद्राबाई पडवीत बसली होती, तिने हळकुंड वातीवर धरून ठेवलं होतं. घरातल्या बायका म्हणू लागल्या, ही आपल्या घराला अपशकुन करते, हिला ओढून काढा. द्वारकेची सासू खरंच तिच्या दंडाला धरायला आली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. लंगडत, धापा टाकत, एका हाताने हिरूच्या खांद्याचा आधार घेत अंबाबाई अंगणात शिरली. सगळ्यांना वाटलं, सुनेला घरी न्यायला आली. द्वारकेची सासू बाजूला झाली, म्हणाली, बरं झालं आलात, आवरा हिला.

अंबाबाईने काठी भिंतीला टेकवली. गुडघा वाकत नव्हता, तो तिने दोन्ही हातांनी वाकवला.

“सरक गं,” ती बायजाला म्हणाली, आणि उंबऱ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बसली.